ऐकलेले चित्र

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मी माझ्या मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. निघालो तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस पडत होता. तिकडे उतरलो, तर कडाक्याची थंडी! ऑस्ट्रेलिया हा देश पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात आहे. त्यामुळे जुलै महिना तिकडे थंडीचा असतो आणि नाताळ येतो तो भर उन्हाळ्यात.

माझी मुलगी सिडनी शहराच्या पश्चिम भागात राहते. त्या वस्तीचे नाव हॅरिस पार्क. शहराच्या मध्यभागापासून ती सुमारे वीस किलोमीटर दूर आहे. जॉन हॅरिस नावाच्या एका डॉक्टरची पूर्वी इथे जमीन होती. त्याच्यावरून हे नाव पडले. आगगाडीने गेले, की हॅरिस पार्कनंतरचे स्टेशन पॅरामॅटा. हे नाव मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून ते आले आहे. नदीत जिथे वाम मासे राहतात, ती ही जागा, असा त्याचा अर्थ सांगतात.

हॅरिस पार्कच्या विग्रॅम स्ट्रीटवर पहिल्यांदा फिरायला गेलो आणि क्षणभर चकितच झालो. एका दुकानात जिलेबी तळत होते. दुसऱ्या दुकानात साड्या टांगल्या होत्या. कुणी पंजाबीत बोलत होते, कुणी गुजरातीत, कुणी तेलुगूत. मध्येच एका बाईने आपल्या मुलाला “अरे, हात धर माझा!” असे म्हटलेले ऐकू आले आणि माझे कान टवकारले. २०२१ सालच्या जनगणनेत हॅरिस पार्कमधले जवळजवळ निम्मे लोक भारतात जन्मलेले होते. म्हणूनच या भागाला ‘लिटल इंडिया’, म्हणजे ‘छोटा भारत’ म्हणतात.

माझी नात दहा वर्षांची आहे. तिचा जन्म तिकडचाच. घरात ती मराठी बोलते आणि शाळेत इंग्रजी. जुलैमध्ये तिकडे शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी असते. त्यामुळे दिवसभर आमची जोडी जमत असे.

मुलीच्या स्वयंपाकघरात एक लहानसा रेडिओ होता. एके दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. नात टोस्ट खात होती. रेडिओवर सिडनीच्याच एका केंद्राचा कार्यक्रम चालू होता. एक ताई एका चित्रकार बाईंची मुलाखत घेत होत्या. मला इंग्रजी समजते, पण तिकडचे लोक फार भरभर बोलतात. अडले, की नात मला मराठीत सांगत असे.

थोडा वेळ ऐकून नात म्हणाली, “आजोबा, हे काहीतरीच आहे!”

“काय झालं?”

“ती बाई चित्रं काढते ना? मग चित्र दिसायला नको का? रेडिओवर चित्र दिसत नाही. मग त्यावर नुसतं बोलायचं कशाला?”

प्रश्न चांगला होता. मी लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, “आधी पूर्ण ऐकू या. मग बघू.”

ताईंनी विचारले, “सकाळी खोलीत आल्यावर तुम्ही पहिली गोष्ट कोणती करता?”

चित्रकार बाई म्हणाल्या, “खिडकी उघडते. काल लावलेल्या रंगांचा वास खोलीत कोंडलेला असतो.”

“मग?”

“मग कालच्या चित्राकडे पाठ करून बसते. चहा पिते. एकदम वळून बघते. चूक असेल, तर ती त्याच क्षणी दिसते.”

ताईंनी पुढे विचारले, “एखादं चित्र फाडून टाकावंसं वाटलं का कधी?”

यावर रेडिओ एकदम गप्प झाला. एक क्षण गेला, दोन गेले, तीन गेले.

“बंद पडला का?” नात उठू लागली.

“थांब,” मी म्हणालो, “त्या विचार करत आहेत. आणि विचारणाऱ्या ताई वाट पाहत आहेत.”

खरोखरच थोड्या वेळाने चित्रकार बाई बोलू लागल्या. त्यांनी आपल्या वडिलांचे चित्र काढले होते. ते वडिलांना आवडले नव्हते. रागाच्या भरात त्यांनी ते फाडले. आता वडील नाहीत आणि ते चित्रही नाही. हे सांगताना त्यांचा आवाज हळू झाला होता. नातीने हातातला टोस्ट खाली ठेवला होता.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात एक नाटकवाले गृहस्थ आले. ते नाटके बसवतात. ताईंनी त्यांना विचारले, “रंगमंचावर पाऊस कसा पाडता?” ते हसले. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढला आणि त्यात मूठभर तांदूळ हळूहळू सोडले. रेडिओतून सरसर सर येऊ लागली. नातीने नकळत खिडकीबाहेर पाहिले. बाहेर तर लख्ख ऊन पडले होते!

“आता सांग,” मी म्हणालो, “पाऊस दिसला की नाही?”

ती हसली, पण तिचे पूर्ण समाधान झाले नव्हते. “पाऊस ठीक आहे. पण चित्र?”

मग आम्ही एक खेळ खेळलो. मुलीच्या घरात भिंतीवर एक वारली चित्र टांगलेले आहे. मी डोळे मिटून खुर्चीवर बसलो. म्हटले, “समज, मी हे चित्र कधीच पाहिलेलं नाही. तू रेडिओ आहेस. मला चित्र दाखव.”

ती म्हणाली, “खूप छान चित्र आहे.”

“मला काहीच दिसलं नाही.”

“खूप म्हणजे खूपच छान आहे!”

“अजूनही अंधारच आहे.”

ती विचारात पडली. मग मीच विचारू लागलो. “चित्राचा रंग कोणता?”

“मागे विटकरी. वर पांढऱ्या रेघा.”

“माणसं आहेत का? किती?”

तिने मोजली. “एकवीस.”

“ती काय करताहेत? हात कुठे आहेत त्यांचे?”

“त्यांनी एकमेकांना धरलं आहे. सगळे गोल गोल उभे आहेत. गोल पूर्ण नाही. गोगलगायीच्या शंखासारखा आत आत जातो. मध्ये एक माणूस उभा आहे. तो लांब भोपळ्यासारखं काहीतरी वाजवतो आहे.”

“ते तारपा नावाचं वाद्य. माणसांची अंगं कशी आहेत?”

“दोन त्रिकोण. टोकाला टोक लावलेले. आणि आजोबा, सगळ्यांचे गुडघे वाकले आहेत. ते नाचत आहेत!”

“दिसलं!” मी डोळे न उघडताच म्हणालो. “आता मला सगळं दिसलं.”

मग मी तिला वारली चित्रांविषयी सांगितले. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी या भागांत वारली लोक राहतात. लग्नाच्या वेळी घरातल्या बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ही कला जगभर पोचवणारे मोठे कलावंत म्हणजे जिव्या सोमा म्हसे. त्यांचे गाव डहाणू तालुक्यातील गंजाड. लहानपणी त्यांची आई गेली आणि त्यांनी बोलणेच सोडले. ते मातीत रेघा ओढून आपले मन सांगत, असे म्हणतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

“जो मुलगा बोलत नव्हता, त्याला मुलाखतीत काय विचारायचं?” नातीने विचारले.

“म्हणूनच थांबता आलं पाहिजे,” मी म्हणालो. “सकाळच्या ताई थांबल्या होत्या, तशा.”

त्या दिवसापासून नातीला रेडिओची गोडी लागली. रात्री जेवताना तिने आईला विचारले, “आपल्याकडे इतकी रेडिओ केंद्रं कशी?” माझ्या मुलीने सांगितलेली हकिगत मोठी छान आहे.

ऑस्ट्रेलियात अनेक देशांतून लोक येऊन राहिले. सगळ्यांना इंग्रजी येत नव्हते. १९७५ साली सरकारने मेडिबँक नावाची नवी आरोग्य योजना आणली. ती लोकांना समजावून कशी सांगायची? मग त्या वर्षी जून महिन्यात सिडनीत आणि मेलबर्नमध्ये एकेक रेडिओ केंद्र सुरू झाले. सिडनीच्या केंद्राचे नाव टू-ई-ए. तिथून काही मोजक्या भाषांत बोलणे सुरू झाले. १९७८ पासून हे काम एसबीएस नावाची संस्था पाहू लागली. आज तिचे कार्यक्रम साठाहून अधिक भाषांत असतात.

याखेरीज लोकांनी मिळून चालवलेली छोटी केंद्रेही आहेत. त्यांना सामुदायिक रेडिओ म्हणतात. तिथे बरेच जण पगार न घेता, हौसेने काम करतात. सिडनीत एफबीआय नावाचे असे एक केंद्र २००३ साली सुरू झाले. त्याचा नियम असा : जेवढे संगीत वाजवायचे, त्यातले निम्मे ऑस्ट्रेलियातले हवे आणि त्या निम्म्यातलेही निम्मे सिडनीतले हवे. आपल्या गावात कोण गाते, कोण चित्रे काढते, कोण नाटक करते, हे आधी आपल्याला कळले पाहिजे, असा त्यामागचा विचार.

“आपल्या महाराष्ट्रातसुद्धा असं आहे का?” नातीने मला विचारले.

“आहे तर! मुंबईला १९२७ साली रेडिओ केंद्र सुरू झालं. पुण्याचं केंद्र १९५३ साली, गांधीजयंतीच्या दिवशी. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखे मोठे लेखक पुणे केंद्रावर कामाला होते. माडगूळकर तर चित्रंही काढत. आकाशवाणीवर मुलाखती असत आणि श्रुतिकाही असत.”

“श्रुतिका म्हणजे?”

“नुसतं ऐकायचं नाटक. पडदा नाही, दिवे नाहीत, कपडे नाहीत. फक्त आवाज. मुलांसाठी पुष्कळ नाटकं लिहिणारे रत्नाकर मतकरी माहीत आहेत ना? त्यांची एकांकिका १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली. तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते.”

नातीचे डोळे चमकले. ती म्हणाली, “मग मी दहा वर्षांची आहे. मी मुलाखत घेऊ शकते.”

“कुणाची?”

“तुमची.”

मी हसलो. “अगं, मी कुठे चित्रकार? मी कुठे नाटकवाला?”

तेव्हा माझी मुलगी मध्येच म्हणाली, “बाबा, तुमचे वडील नाटकाचे पडदे रंगवत असत ना?”

हे खरे होते. पण या गोष्टीला इतकी वर्षे झाली होती, की मी स्वतःच ती विसरल्यासारखा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी नातीने वहीत प्रश्न लिहून काढले. पहिला प्रश्न होता, “तुमचे वडील चांगले चित्रकार होते का?” तिने तो मला वाचून दाखवला आणि स्वतःच खोडला. म्हणाली, “यावर तुम्ही फक्त हो म्हणाल.” असे तीन प्रश्न तिने खोडले. उरलेले सात प्रश्न कोण, कुठे, कसे, किती, का अशा शब्दांनी सुरू होत होते.

दुपारी तिने खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. फ्रीजची घरघर ऐकू येते, म्हणून स्वयंपाकघराचे दार लावले. आईच्या फोनवर आवाज मुद्रित करण्याची सोय होती. फोन आमच्या दोघांच्या मध्ये, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला आणि मुलाखत सुरू झाली.

“तुमचं गाव कोणतं?”

“सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळ. बाजूलाच पिंगुळी आहे. तिथले ठाकर लोक चित्रकथी करतात. हातात चित्रांची पोथी घेतात. एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगतात. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. माझ्या वडिलांना चित्रांचा नाद लागला तो चित्रकथी पाहूनच.”

“ते पडदे कुणासाठी रंगवत?”

“गावच्या नाटकांसाठी. दशावतारी नाटकाला फार सामान लागत नाही. बसायला एक बाकडं असलं की झालं. पण शिमग्याच्या सुमारास गावातली मंडळी ऐतिहासिक नाटकं करत. त्यांना तीन पडदे लागत. एक महालाचा, एक रस्त्याचा आणि एक जंगलाचा.”

“पडदा केवढा असे?”

“आठ हात रुंद आणि सहा हात उंच.”

“आठ हात म्हणजे किती?”

मी माझ्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दाखवले. लगेच ती म्हणाली, “आजोबा, हे फोनला दिसणार नाही. बोलून सांगा.” मी ओशाळलो आणि बोलून सांगितले.

“पडदा कसा करत?”

“मांजरपाटाचं कापड आणत. पट्टे जोडून शिवत. ते अंगणात ताणून बांधत. मग सरस उकळत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. त्यात खडूची पूड घालून कापडावर पांढरा हात देत. तो वाळला, की वर रंग. पिवळ्यासाठी पिवडी, तांबड्यासाठी काव, काळ्यासाठी दिव्याची काजळी. आभाळासाठी कपड्यांना घालायची नीळ.”

“वास कसा येत असे?”

मला वाटले होते, मला सारे आठवते आहे. पण या प्रश्नाने मी एकदम अंगणात जाऊन उभा राहिलो. “सरसाचा वास फार वाईट. पणजी, म्हणजे माझी आई, नाकाला पदर लावून म्हणायची, की आधी ते भांडं लांब न्या! पण मला तो वास आवडायचा. तो आला, की नाटक जवळ आलं असं समजायचं.”

“तुमचे वडील तुम्हांला काय शिकवत?”

“ते फारसं बोलत नसत. पण एक वाक्य नेहमी म्हणत. ‘आधी आभाळ, मगे झाडां.’”

“मगे म्हणजे?”

“मगे म्हणजे मग, नंतर. ही आमची मालवणी बोली. आधी मागचं रंगवायचं, मग पुढचं. म्हणजे आभाळाचा रंग झाडांवर येत नाही.”

“मगे,” ती हळूच म्हणाली. हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता. माझ्या तोंडूनसुद्धा तो कित्येक वर्षांनी आला होता.

“त्यांची कधी चूक झाली का?”

मला हसू फुटले. “झाली ना! जंगलाच्या पडद्यावर त्यांनी एक वाघ काढला. तो झाला मांजरासारखा. नाटकात सरदार तलवार उपसून म्हणाला, ‘काय हे भयाण अरण्य!’ आणि मागे तो मांजरवाघ! लोक पोट धरून हसू लागले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्या वाघाचा दगड करून टाकला.”

नातही खो खो हसली. मग वहीत पाहून तिने शेवटचा प्रश्न विचारला. “तो पडदा आता कुठे आहे?”

मी लगेच काही बोललो नाही. तीही बोलली नाही. ती फोनकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. ती थांबली होती.

“आता तो नाही,” मी शेवटी म्हणालो. “एका पावसाळ्यात माळ्यावर पाणी गळलं. पडद्याला ओल लागली, बुरशी आली. उंदरांनी कुरतडला. तेव्हा मी शहरात शिकत होतो. सुट्टीत घरी आलो, तर पडदा टाकून दिलेला. वडील काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. तो पाहिलेली माणसंही आता राहिली नाहीत. आमच्या घरात तो फक्त मला आठवतो.”

“आता मलासुद्धा,” ती म्हणाली आणि तिने मुद्रण बंद केले.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ खिडकीशी बसून होतो. वडिलांबरोबर मी इतकी वर्षे राहिलो. पण त्यांना सरसाचे माप किती घेता, वाघ असा का झाला, पडदा गेला तेव्हा काय वाटले, असे काहीच विचारले नव्हते. विचारले असते, तर त्यांनी सांगितले असते. दहा वर्षांच्या मुलीने सात प्रश्न विचारले आणि साठ वर्षांपूर्वीचा पडदा वर आला.

माझ्या मुलीने मला पाणी आणून दिले. ती म्हणाली, “बाबा, इथे शक्तिधरन नावाचे एक नाटककार आहेत. त्यांचं कुटुंब श्रीलंकेतून आलं. त्यांच्या आईने तिकडच्या आठवणी बरेच दिवस सांगितल्या नव्हत्या. मग ते वर्षानुवर्षं माणसांना भेटत राहिले, विचारत राहिले. त्यातून त्यांनी एका कुटुंबाच्या चार पिढ्यांचं नाटक लिहिलं. ‘काउंटिंग अँड क्रॅकिंग’ असं त्याचं नाव. २०१९ साली ते सिडनीच्या टाउन हॉलमध्ये झालं. तिथे तमिळ आणि सिंहली भाषासुद्धा ऐकू आल्या.”

“म्हणजे त्यांनीही विचारलं,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी नातीने मला हाक मारली. तिने मुद्रित केलेली मुलाखत तीन वेळा ऐकली होती आणि ऐकून ऐकून एका मोठ्या कागदावर जंगलाचा पडदा रंगवला होता. आधी आभाळ, मगे झाडे. आभाळ निळीच्या रंगाचे होते. कोपऱ्यात एक दगड होता. त्या दगडाला, अगदी नीट पाहिले तर, मांजराचे दोन कान होते!

पण झाडे पाहून मी चकित झालो. उंच, सरळ, पांढुरक्या सालीची झाडे. हॅरिस पार्कजवळच्या बागेत दिसतात, तशी निलगिरीची झाडे!

“चुकलं का?” तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारले.

“नाही गं. माझ्या वडिलांच्या पडद्यावर माड होते, फणस होता, एक वाकडं आंब्याचं झाड होतं. पण मी ते सांगितलंच नव्हतं. मी नुसतं जंगल म्हणालो. तू जे जंगल पाहिलं आहेस, तेच तुला दिसलं. सांगणाऱ्याने नीट सांगितलं नाही, ही माझी चूक.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “नाही आजोबा, माझीपण चूक आहे. कोणती झाडं, असं मी विचारलंच नाही.”

तिने टेबलावरचा फोन उचलला. टॉवेलाची घडी केली. खिडकी लावली आणि माझ्यासमोर बसून म्हणाली, “आजोबा, ते आंब्याचं झाड कुठल्या बाजूला वाकलं होतं?”

शब्दार्थ

वाम – सापासारखा लांबट मासा. तारपा – दुधी भोपळा व बांबू यांपासून केलेले, फुंकून वाजवायचे वाद्य. श्रुतिका – ऐकण्यासाठी लिहिलेले नाटक. मांजरपाट – जाडसर सुती कापड. पिवडी – पिवळी माती. काव – तांबडी माती. ओशाळणे – लाज वाटणे. मुद्रण – येथे अर्थ, आवाज साठवून ठेवणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हॅरिस पार्क हे नाव कोणावरून पडले?
(आ) नाटकवाल्या गृहस्थांनी रेडिओवर पाऊस कसा पाडला?
(इ) आभाळ रंगवण्यासाठी आजोबांचे वडील काय वापरत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘खूप छान चित्र आहे’ असे ऐकूनही आजोबांना चित्र का दिसले नाही?
(आ) नातीने पहिला प्रश्न का खोडला?
(इ) वडिलांच्या वाघाचा दगड का झाला?

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) “आजोबा, हे फोनला दिसणार नाही.”
(आ) “आधी ते भांडं लांब न्या!”
(इ) “बाबा, तुमचे वडील नाटकाचे पडदे रंगवत असत ना?”

४. विचार करून सांगा.
नातीच्या चित्रात निलगिरीची झाडे आली. ही चूक कोणाची, असे तुम्हांला वाटते? का?

५. खेळ खेळा.
मित्राला डोळे मिटायला सांगा. वर्गातले एखादे चित्र त्याला शब्दांनी दाखवा. मग तेच चित्र त्याला ऐकल्याप्रमाणे काढायला सांगा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा.

६. उपक्रम.
तुमच्या गावात मूर्ती घडवणारे, रांगोळी काढणारे, पाट्या रंगवणारे, नाटकात किंवा तमाशात काम करणारे कोणी असेल. त्यांना भेटण्यासाठी सात प्रश्न तयार करा. ज्यांचे उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल, असे प्रश्न खोडा. त्यांनी वापरलेले, तुम्हांला नवे असलेले शब्द वहीत लिहून ठेवा.